केला, पण झाला नाही

आमच्या विद्यानगरच्या घरात रग्बी बघणारा मी एकटाच. क्रिकेट असलं की बाहेरच्या खोलीत मला माझ्याच खुर्चीवर बसायला मिळत नाही. पण जगातले दोन बलाढ्य देश रग्बी खेळायला उतरले की अख्खा सोफा माझा, दोन्ही उशा माझ्या आणि रिमोटही माझा. सूनबाई चहा ठेवायला येते, जाता जाता पडद्याकडे बघते आणि विचारते, "बाबा, हे खेळायलेत का भांडायलेत?"

"बस ना, सांगतो."

"कुकर लावलाय."

गेली कित्येक वर्षं त्या कुकरच्या तीन शिट्ट्या काही पुऱ्या झालेल्या नाहीत.

मी तिला दोष देत नाही. या खेळाबद्दल लोकांना कुतूहल का वाटत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. आणि एखादी गोष्ट उमगली नाही की ती दुसऱ्याला समजावून सांगायची माझी खोड जुनी आहे. रग्बीच्या बाबतीत तर मी त्याची हद्द केली होती. हा खेळ मला कळण्याआधी मी तो आठ माणसांना शिकवला होता. त्या आठांपैकी एकानेही मला त्या दिवशी मारलं नाही, ही माणसाच्या जातीबद्दलची माझी एक जपून ठेवलेली आठवण आहे.

ही गोष्ट पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यातली. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आम्ही नारायणगुड्याला राहत होतो. घरात मराठी, शाळेत उर्दू, भाजीवालीशी तेलुगू, आणि इंग्रजी फक्त परीक्षेपुरती, अशी आमची वाटणी होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, निजामाच्या संस्थानच्या एका दफ्तरात तर्जुमा करायचे. इकडचा कागद तिकडच्या भाषेत नेऊन ठेवायचा, हेच त्यांचं आयुष्य. संस्थान भारतात आलं आणि दोन-तीन महिन्यांत जिकडे तिकडे इंग्रजीचा भाव वधारला. अण्णा म्हणायचे, "आता पुन्हा बाराखडीपासून." मी मात्र खुशीत होतो. मला इंग्रजी येतं असं मी मोहल्लाभर सांगून ठेवलेलं होतं आणि ते तपासून बघेल असा माणूस तोवर तरी मोहल्ल्यात आलेला नव्हता.

आज जिथं आमचं घर आहे त्याच्या आसपास तेव्हा नुसता माळ होता. त्या माळावर एका कोपऱ्यात वस्तादांची हुतुतूची माती होती. आता कबड्डी म्हणतात, तेव्हा आम्ही हुतुतूच म्हणायचो. वस्ताद मूळचे नांदेडकडचे शेतकरी. शहरात येऊन कोठीच्या बाजारात कापडाच्या दुकानात गज हातात घेऊन उभे राहायचे, पण शेतकऱ्याचा हात मातीवाचून राहत नाही. त्यांनी या माळाचा एक तुकडा खणला, खडे वेचले, चाळणीने माती चाळली, टोपल्यांनी लाल माती आणून त्यात मिसळली. अशी सहा-सात वर्षं. त्या मातीत माणूस पडला तर आपणहून पुन्हा पडावंसं वाटे, इतकी ती मऊ होती.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या गडबडीच्या वर्षात खेळ बंद पडला. संध्याकाळी चार माणसं एकत्र उभी राहिली तरी लोक खिडक्या लावून घ्यायचे. स्वतः वस्ताद धरून नऊ गड्यांपैकी आठ उरले. नववा, डाव्या कोपऱ्यावर खेळणारा, चादरघाटकडचा शिंपी होता. घोट्याला त्याचा हात लागला की तो माणूस परत आपल्या हद्दीत गेला असं कधी झालं नाही. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत तो बायकोपोरांसकट घर बंद करून निघून गेला. कुणी म्हणे कराचीला, कुणी म्हणे गुलबर्ग्याला मामाकडे. पत्ता कुणालाच नव्हता.

थंडी पडायला लागली तेव्हा वस्तादांनी ठरवलं, पुन्हा खेळायचं. आठजण माळावर गेले. मी बरोबर होतो, कारण कुठलीही गोष्ट माझ्यावाचून सुरू होऊ नये असं मला त्या वयात वाटायचं. आणि बघतो तर काय, आमच्या मातीच्या मधोमध पांढऱ्या चुन्याची रेघ आखलेली आणि त्या रेघेवर दोन उंचच्या उंच खांब, मध्ये आडवी दांडी. माळाच्या दुसऱ्या टोकाला तसेच आणखी दोन.

"हे खांब कशाचे हैत?" वस्तादांनी विचारलं.

त्या दिवसांत असे खांब बघून जे पहिल्यांदा मनात येतं ते कुणालाच तोंडाने बोलायचं नव्हतं. शेवटी एकजण हळूच म्हणाला, "फाशीचे."

"छे!" मी म्हणालो. "तारेचे आहेत. दिल्लीपर्यंत सरळ तार नेणार आहेत."

तेवढ्यात फौजेची एक मोटार आली. तिच्यातून आठ-दहा जवान आणि एक कप्तान उतरले. त्यांनी कोहळ्यासारखा लांबट चेंडू काढला आणि त्या तारेच्या खांबांमधून लाथेनं उडवायला सुरुवात केली. वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. "मुन्शीजी, दिल्लीला काय म्हणून धाडायलेत हे?"

अण्णांच्या नोकरीवरून वस्ताद मला मुन्शीजी म्हणायचे. त्यात आदर किती आणि टपली किती, हे ते बोलत असताना माझ्या उंचीकडे बघायचे त्यावरून कळायचं.

कप्तान कुर्गकडचा होता. माणूस हसतमुख, पण त्याला हिंदुस्थानी येत होती ती फौजेतली. तिच्यात सगळी क्रियापदं हुकमाचीच असतात. उठाओ, लाओ, जाओ. एवढ्या भांडवलावर माती कुणाची याची चर्चा होऊ शकत नव्हती. वस्ताद दख्खनीत म्हणाले, "साब, ये मट्टी हमारी है. हम छानको बनाये." कप्तान म्हणाला, "जाओ." मग त्यालाच वाईट वाटलं असावं, तो इंग्रजीत बरंच काही बोलायला लागला. मी पुढे झालो. नशीब काढायला माणूस जसा पुढे होतो तसाच.

मला समजलं ते असं. हा खेळ रग्बी. कप्तानाची निम्मी माणसं जिल्ह्यात पाठवल्यामुळे त्याला खेळायला समोर कुणी उरलं नव्हतं. आमचे गडी बाजूला हुतुतू खेळत राहिले तर त्याची हरकत नव्हती, पण ही माती सोडून. मी ते सांगितलं. वस्ताद शेजारच्या खडकाळ जागेवर गेले, पायानं रेघ ओढली आणि आठजणांची चार-चार अशी वाटणी करून खेळ सुरू केला. खडे टोचत होते, कोपरं सोलत होती. कप्तान आधी नुसता बघत होता, मग चार पावलं पुढे आला, आणि आमच्या एका गड्यानं धावत्याचा घोटा असा काही धरला की कप्तानानं टोपी काढून डोकं खाजवलं. परत आला तो माझ्याशी इंग्रजीत भराभर बोलतच.

"काय म्हणायलाय सायब?" वस्तादांनी विचारलं.

"म्हणतात, तुमची माणसं उत्तम पकडतात. पुढच्या रविवारी दुपारी त्यांच्याशी त्यांचा खेळ खेळा. नऊविरुद्ध नऊ. एक ट्राय केलात, तर खांब माळाच्या पलीकडे हलवतील. माती तुमची."

"ट्राय म्हंजी?"

हा शब्द मला चौथीपासून येत होता. "ट्राय म्हणजे प्रयत्न. कोशिश."

वस्तादांच्या कपाळाला आठी पडली. "एकच कोशिश केली की बस?"

शंका रास्त होती म्हणून मी कप्तानाला विचारलं, "ओन्ली वन ट्राय, सर?"

"ओन्ली वन!" कप्तान मोठ्यानं हसला. "इफ यू कॅन!"

"एकच," मी सांगितलं, "आणि तोही जमला तर."

"दिलदार माणूस हाय," वस्ताद म्हणाले.

परत येताना त्यांनी खांबांकडे एकदा वळून बघितलं. मग म्हणाले, "मुन्शीजी, मातीसाठी जीव तुटतो असं नाही. माती काय, दुसरी चाळीन. पण आपला डावा कोपरा उद्या कुठूनबी माघारी आला, तर घरी कुलूप हाय, दुकान दुसऱ्याच्या ताब्यात गेलं. तो येईल कुठं? इथंच येईल ना संध्याकाळचा? आन् इथं आपण नसलो तर?"

मी म्हणालो, "वस्ताद, निश्चिंत राहा. मी आहे." नववा गडी म्हणून माझी भरती झाली ती अशी.

घरी अण्णांना सगळं सांगितलं. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "एवढ्या सोप्या शब्दावर कुणी मैदान देत नाही. शब्द सोपा वाटला की तिथं थांबावं. परत जाऊन विचारून ये." मी गेलो नाही. इंग्रजी येणाऱ्या माणसानं परत जाऊन विचारायचं म्हणजे इंग्रजी येत नाही असं झालं असतं.

त्याऐवजी मी कोठीला गेलो. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला इंग्रजी खेळांचं एक पुस्तक मिळालं. रग्बीची चार पानं होती, पाचवं आणि सहावं गायब. त्या चार पानांत एक वाक्य होतं, की हातातला चेंडू दुसऱ्याकडे फेकायचा तो फक्त मागे. मी ते तीनदा वाचलं. जायचं पुढे आणि चेंडू फेकायचा मागे? असा खेळ कोण खेळेल? छापखान्याची चूक उघड होती. मी पेन्सिल काढली, मागे खोडलं आणि पुढे लिहिलं. गायब पानांवर ट्राय म्हणजे काय ते होतं, हे मला पुढे कळलं.

आता इतक्या वर्षांनी सांगतो, रग्बीवर माझा जीव जडला तो त्या खोडलेल्या वाक्यामुळेच. फुटबॉलमध्ये, हॉकीत, चेंडू पुढे धाडता येतो, आपण मागून निवांत जावं. रग्बीत चेंडू पुढे न्यायचा तर स्वतःच्या छातीशी धरून न्यावा लागतो. आणि मदत मागायची तर मागे वळून बघावं लागतं. तुमच्या मागे कुणी धावत येत नसेल, तर तुम्ही कितीही शूर असा, चार पावलांत संपलात. एवढी एक गोष्ट कळली की माणसाला तो सामना सोडून उठवत नाही. पण ती सांगायला कुकर थांबला पाहिजे.

रविवारी दुपारी माळावर मोहल्ला लोटला होता. गडबडीनंतर इतकी माणसं एका जागी मी पहिल्यांदाच बघत होतो. आमचे आठ लांग कसून, आणि मी अण्णांच्या जुन्या विजारीत. कप्तान स्वतः शिट्टी घेऊन पंच झाला. शिट्टी झाली, चेंडू आमच्याकडे आला, आणि मी शिकवल्याप्रमाणे आमच्या गड्यानं तो झकास पुढे फेकला. शिट्टी. पुन्हा पुढे. शिट्टी. पाचव्या शिट्टीला वस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या सायबाला शिट्टीची सवय हाय का?"

"पंच आहेत ते," मी म्हणालो. "त्यांना वाजवावीच लागते."

मग दुसरं संकट सुरू झालं, आणि त्यात मात्र माझा हात नव्हता. हुतुतूत धरला गेलेला गडी मेला. तो मुकाट्यानं बाहेर जाऊन बसतो आणि आपल्या बाजूनं समोरचा एक मारला की जिवंत होऊन परत येतो. आमच्या गड्यांच्या रक्तात हे इतकं भिनलेलं होतं की एका जवानानं एकाला कमरेत धरून पाडलं, तर तो उठला, माती झटकली, "मेलो" म्हणाला आणि रेघेबाहेर जाऊन मांडी घालून बसला. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा, चौथा. कप्तानाला कळेना. त्यानं खेळ थांबवून मला विचारलं, ही माणसं बाहेर का चालली?

"दे आर डेड, सर," मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात फौजेच्या माणसाला हे वाक्य ऐकवायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला. तो धावत त्या चौघांकडे गेला. चौघे उठून उभे राहिले आणि त्याला नमस्कार केला.

त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि खेळ पुढे सुरू केला. आता मैदानात आम्ही पाचजण. वस्तादांना बहुतेक वाटलं की सगळे मरण्याआधी ठरलेलं काम उरकून घ्यावं. त्यांनी चेंडू काखेत मारला आणि निघाले. दोन जवान चुकवले, तिसऱ्याला खांद्यानं बाजूला सारलं, आणि चुन्याच्या रेघेपासून पाच-सात पावलांवर तिघांनी मिळून त्यांना आडवं केलं. वस्ताद उठले. चेंडू त्यांनी अदबीनं कप्तानाच्या हातात दिला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "झाला ट्राय. चला रे."

आमचे गडी नाचायला लागले. मोहल्ल्यानं टाळ्या वाजवल्या. बाहेर बसलेले चारही मेलेले गडी एकमेकांच्या गळ्यात पडले. एकानं तर जाऊन खांब हलतो का ते बघितलं.

कप्तान माझ्याकडे आला. "ही ट्राइड," तो म्हणाला, "बट इट वॉज नो ट्राय."

"काय म्हणायलाय?" वस्ताद.

मी म्हणालो, "साहेब म्हणतात, तुम्ही प्रयत्न केला. पण प्रयत्न झाला नाही."

"केला पण झाला नाही?"

"हो."

"मग तो झाला कधी म्हणायचा?"

मी कप्तानाला विचारलं. त्यानं सांगितलं. चेंडू घेऊन त्या रेघेपर्यंत जायचं आणि तो हातानं जमिनीला टेकवायचा. म्हणजे पोचलात तर तो ट्राय. मी ते वस्तादांना सांगितलं.

वस्तादांनी मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. "म्हंजी यश मिळालं तर त्याला प्रयत्न म्हणायचं?"

"तसं दिसतंय."

"आन् हे तुला आज कळायलंय?"

त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी तू म्हटलं नव्हतं. मुन्शीजी गेले आणि तुम्हीही गेलं, हे मला पायाखालच्या मातीपेक्षा स्पष्ट जाणवलं. गर्दीत अण्णा उभे होते. ते हसत नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. मी कप्तानाला म्हणालो, चूक सगळी माझी आहे, मी शब्द उलटा नेला. खेळ संपला असं धरू नका.

कप्तानाला आधी हसू आवरेना. मग त्यानं घड्याळ बघितलं, अजून अर्धा वेळ बाकी आहे म्हणाला, आणि खाली बसून बोटानं आमच्या मातीत रेघा काढून सगळ्यांना खेळ समजावून दिला. आता मी एकेका शब्दाला थांबत होतो. या विचित्र नावाचं कारणही त्यानंच सांगितलं. पूर्वी म्हणे रेघेपलीकडे चेंडू टेकवण्याला काही किंमतच नव्हती. एवढी हाडं मोडून घेतल्यावर फक्त खांबांमधून लाथ मारून बघण्याची परवानगी मिळायची. म्हणून ट्राय. मला ते फार आवडलं. सगळं करून झाल्यावर काय मिळतं, तर प्रयत्न करायची मुभा. त्या वर्षी आमच्या सगळ्या संस्थानचं तेच चाललेलं होतं.

वस्तादांना मात्र वेगळंच काही लागलं होतं. "सायबाला विचार, धरलेला गडी मरत नाही?"

"नाही. चेंडू सोडायचा, उठायचं, पुन्हा धावायचं."

"कितीबी बार?"

"कितीही."

ते पुन्हा रेघेबाहेर जाऊन बसलेल्या त्या चौघांकडे वळले. मग म्हणाले, "उठा रे. ह्या खेळात कुणी मरत नाही."

दुसऱ्या डावात आम्ही बरे खेळलो, म्हणजे ते आठजण. धरण्यात आमचे गडी जवानांना भारी होते. समोरचा धडधाकट जवान छाती पुढे काढून यायचा आणि आमचा माणूस छातीच्या वाटेला न जाता त्याच्या घोट्याला मिठी मारायचा. मला चेंडूपासून लांब राहायला सांगितलं होतं. चेंडूला ते सांगितलेलं नव्हतं. तो लांबट चेंडू टप्पा घेऊन कुठे वळेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. तो आला तो थेट माझ्या पोटावर. समोरून तीन जवान. मी वळलो आणि आयुष्यात धावलो नव्हतो असा धावलो. चुन्याची रेघ दिसली, ती ओलांडली, चेंडू टेकवला आणि त्याच्यावर पालथा पडून ओरडलो, "झाला!"

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मान वर केली तर आमचे आठजण माळाच्या त्या टोकाला दिसत होते. मी आमच्याच रेघेवर आलो होतो.

मी डोळे मिटून शिट्टीची वाट बघितली. शिट्टी झाली, आणि कप्तान म्हणाला, काही नाही. गुण नाही. आमच्या रेघेजवळून खेळ पुन्हा सुरू. फुटबॉलमध्ये माणूस स्वतःवर गोल करतो आणि जन्मभर तो गोल मिरवतो. रग्बीत स्वतःवर ट्राय करताच येत नाही. मूर्खपणाची फार तर जागा बदलते, हिशेब होत नाही. माझ्यासारख्या माणसानं या खेळाचा चाहता होऊ नये तर काय करावं?

शेवटची थोडी मिनिटं उरली होती. आम्ही हळूहळू त्यांच्या रेघेकडे, म्हणजे आमच्या मातीकडे, सरकलो होतो. मला एका जवानाचा धक्का लागला, मी तोंडावर पडलो, आणि हातात कसा कोण जाणे आलेला चेंडू निसटून मागे गेला. त्या दिवसातला माझा तो एकमेव बिनचूक पास. मागून वस्ताद येत होते. त्यांनी तो उचलला आणि त्यांच्या तोंडून आपोआप सुरू झालं, "हुतुतुतुतुतू..."

पायाखाली त्यांची स्वतःची माती आली होती. रेघ दोन हातांवर राहिली तेव्हा चार जवान एकदम अंगावर पडले. वस्ताद दिसेनासे झाले. खाकी पाठींचा नुसता ढीग. पण ढिगाखालून आवाज येत होता, दबलेला, तुटत नसलेला. हुतुतुतू. आमच्या गड्यांपैकी एकही हलला नाही, कारण पुढे काय होणार हे त्यांनी शंभर वेळा बघितलेलं होतं. हुतुतूत धरला गेलेला माणूस दम सोडायच्या आधी हात लांबवतो आणि मधल्या रेघेला बोट लावतो. बोट लागलं की तो वाचतो. ढिगाखालून एक हात बाहेर आला. हातात चेंडू होता. तो हात माती कापत, वितीवितीनं पुढे गेला आणि थांबला. मग आवाजही थांबला.

"रेघेवर आहे," एक जवान म्हणाला. "पलीकडे नाही."

कप्तान गुडघ्यांवर बसला. पंच तोच, मैदान त्याच्या ताब्यात, माणसं त्याची. चेंडू रेघेला लागला होता की चार बोटं अलीकडे होता, ते सांगणारा दुसरा कुणी नव्हता. त्यानं चेंडू उचलून उलटा केला. खालच्या बाजूला आणि वस्तादांच्या बोटांच्या पेरांवर चुना लागलेला होता. या खेळात रेघ ही पलीकडचीच समजतात, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते त्याला एकट्यालाच माहीत होतं. त्यानं हात वर करून शिट्टी वाजवली.

वस्ताद पडल्या पडल्या धापा टाकत म्हणाले, "काय म्हणायलाय?"

"ट्राय म्हणायलेत."

"नुसता केला, का झाला?"

"झाला."

ते उठून बसले. मग त्यांनी काय करावं, तर जिथं चुन्याची रेघ त्यांच्या मातीत मिसळली होती तिथला पांढरा थर बोटांनी वेचून बाजूला टाकायला लागले. खडे वेचावेत तसे.

दुसऱ्या दिवशी जवानांनी खांब उपटले आणि माळाच्या पलीकडे रोवले. आमच्या मातीवरून ते चांगले स्पष्ट दिसत. त्यानंतर काही दिवस संध्याकाळी इकडे हुतुतू आणि तिकडे रग्बी असं चालायचं. अण्णा रोज फिरायला म्हणून यायचे आणि तिकडच्या बाजूला जास्त वेळ उभे राहायचे. "फेकायचं मागे आणि जायचं पुढे," ते एकदा म्हणाले. "तर्जुमाही असाच करतात." मी डाव्या कोपऱ्यावर खेळत होतो. म्हणजे ती जागा मी सांभाळत होतो. तिथून आत आलेला एकही माणूस माझ्या हाती लागल्याचं मला आठवत नाही.

उन्हं तापायला लागली होती. एका संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे मातीत पालथा पडलो होतो आणि समोरचा गडी माझ्या पाठीवर पाय देऊन सुखरूप परत गेला होता. मान वर केली तर रेघेबाहेर एक माणूस उभा. अंगात प्रवासाचे मळके कपडे, काखेत गाठोडं. खेळ थांबला. तो बराच वेळ दूरच्या खांबांकडे बघत होता. मग म्हणाला, "वस्ताद, ये फाँसी किसकू देरैं?"

वस्तादांनी तळहाताची माती धोतराला पुसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले,

"तुझ्या जागेवर खेळतोय त्याला. चल, गाठोडं ठेव."